कृपया स्पष्ट व शुद्ध बोला

माझी मुलगी देवश्री जर्मनीत आर्मेनियन आणि सर्बियन भाषांच्या प्रादेशिक बोलींची तुलना करते, असं मी आमच्या कोथरूडच्या बागेतल्या बाकावर पहिल्यांदा जाहीर केलं, तेव्हा शेजारचे श्रीनाथ पेठे माझ्याजवळ सरकले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "इथं काहीच मिळालं नाही का हो तिला?"

देवश्रीला आर्मेनियन येत नाही. सर्बियनही येत नाही. हा त्या संशोधनातला अडथळा नसून पात्रता आहे, असं तिनं मला व्हिडिओ कॉलवर समजावून दिलं होतं. ती संगणकाची मुलगी. माणूस बोलतो, संगणक ऐकतो आणि बोलणारा कुठल्या खोऱ्यातला, कुठल्या गावचा, ते सांगतो. भाषा येत असली की लक्ष अर्थाकडे जातं आणि काम बिघडतं.

दोनच भाषा का आणि याच का, हेही मी विचारलं. तर दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्या देशोधडीला लागलेले, दोन्हींची बोली डोंगर ओलांडला की बदलते आणि दोन्हींतले पुष्कळ लोक आता जर्मनीत येऊन स्थिरावलेले. परक्या देशात दहा-बारा ते तीस-चाळीस वर्षं काढली की गावची बोली टिकते की झिजते, आणि झिजत असेल तर कोणाची लवकर झिजते, हे मोजायचं. शिवाय निधी देणाऱ्यांच्या फॉर्मवर भाषांसाठी रकाने दोनच होते. तिचे प्राध्यापक हेल्मिग यांनी हे कारण शेवटी सांगितलं, पण मला ते सगळ्यात खरं वाटलं.

या संशोधनाला माझाही हातभार लागलेला आहे. तो कसा, ते आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी तिनं कायझर्सलाउटर्नहून फोन केला होता. "बाबा, रेकॉर्डिंगला लोक यायला लागतील पुढच्या आठवड्यापासून. त्यांना द्यायला एक सूचनापत्रक हवंय. तुम्ही इतक्या स्पर्धा घेतल्यात, काय काय लिहू?"

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली सव्वीस वर्षं वक्तृत्व स्पर्धेचा प्रमुख होतो. पत्रक माझ्या जिभेवर होतं. एक, कृपया स्पष्ट व शुद्ध बोला. दोन, माईकपासून वीतभर अंतर ठेवा. तीन, बोलण्यापूर्वी पाणी प्या. देवश्रीनं ते इंग्रजीत केलं, तिथल्या दुभाष्यांनी आर्मेनियन आणि सर्बियनमध्ये केलं, प्राध्यापकांनी सही केली. शहाऐंशी माणसांनी ते वाचलं, पाणी प्यायलं आणि मग ती बोलली.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी पत्नी सुलेखा, गेल्या वर्षी मे महिन्यात तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो, तेव्हा सगळं पार पडलेलं होतं. प्रबंध लिहून जवळजवळ पुरा झाला होता. एकतीस जुलैला तो विद्यापीठात द्यायचा आणि तीस सप्टेंबरला तिचं नोकरीचं कंत्राट संपायचं. त्याआधी डॉक्टरेट झाली नाही तर पुढचं कंत्राट नाही, कंत्राट नाही तर राहण्याचा परवाना नाही, आणि चार वर्षं पाण्यात. ही साखळी तिनं फ्रीजवर चिकटवून ठेवली होती. दूध काढताना रोज वाचावी लागे.

निष्कर्ष मात्र सुरेख निघाला होता. जर्मनीत राहणाऱ्या आर्मेनियन आणि सर्बियन लोकांच्या प्रादेशिक बोली एका पिढीत जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. सगळे प्रमाणभाषा बोलतात. संगणकाला शहाऐंशीपैकी ऐंशी जणांचं गाव ओळखता आलं नाही. प्राध्यापक हेल्मिग याला 'महान सपाटीकरण' म्हणत आणि हे शब्द उच्चारताना हाताचा तळवा टेबलावरून फिरवत. इंगोलश्टाटच्या एका कंपनीनं, जी गाडीशी बोलायची यंत्रं बनवते, त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. बोली नाहीतच म्हटल्यावर गाडीला त्या शिकवाव्या लागणार नव्हत्या. सगळ्यांची सोय होत होती.

मला तर अभिमानच वाटला. एकतीस वर्षांत मी साधारण चार हजार मुलांच्या तोंडून 'म्हंजी' आणि 'आन्‌' काढून टाकलं असेल. इथं दोन अख्ख्या भाषा आपण होऊन स्वच्छ झाल्या होत्या.

घरी मी एकच माणूस दुरुस्त केलं होतं. सुलेखा मूळची दर्यापूरची, अमरावती जिल्ह्यातली. लग्न होऊन आली तेव्हा 'मले' आणि 'तुले' म्हणायची. मी कधी रागावलो नाही. नुसता थांबायचो. तिनं 'मले' म्हटलं की मी वाक्याच्या मधेच थांबून तिच्याकडे बघत असे, ती 'मला' म्हणाली की पुढे बोलत असे. सात-आठ महिन्यांत काम झालं. आता ती फक्त बहिणीशी फोनवर तसं बोलते आणि तेव्हा गॅलरीचं दार लावून घेते.

देवश्रीच्या घरात गॅलरी नव्हती. त्यामुळे सुलेखा जिन्यात जाऊन बोलायची, आणि जिन्यातच तिला अराक्सी भेटली.

अराक्सी खालच्या मजल्यावर राहायची. वय अठ्ठ्याहत्तर. मूळची केसाबची. सीरियात तुर्कस्तानच्या सीमेला लागून हे आर्मेनियन लोकांचं गाव आहे आणि तिथली बोली इतर आर्मेनियन माणसांना नीटशी कळत नाही म्हणतात. गावात लढाई शिरली तेव्हा ती मुलाबरोबर बाहेर पडली. मुलगा आता इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात होता, महिन्यातून एकदा यायचा. देवश्रीच्या यादीत अराक्सीचा क्रमांक एक होता. शेजारीण म्हणून पहिली तीच सापडली होती.

सुलेखाला आर्मेनियन येत नव्हतं, अराक्सीला मराठी. अराक्सीला कामापुरतं मोडकं जर्मन यायचं, सुलेखाला तर दहाच शब्द. तरी दुसऱ्या आठवड्यात सुलेखा तिच्या स्वयंपाकघरात बसू लागली. ही थालीपीठ घेऊन जायची, ती गव्हाच्या रव्याचे भरलेले गोळे पाठवायची. एकदा मी चष्मा विचारायला खाली गेलो तर दाराबाहेर ऐकू आलं. सुलेखा म्हणत होती, "मंग काय वं! मी म्हनलं तिले, तुह्या नवऱ्यानं सांगतलं म्हनून मी काऊन ऐकू?" आणि अराक्सी खदखदून हसत आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगत होती. मी चष्म्याशिवायच वर आलो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी देवश्री घरून काम करत होती. तिनं एक रेकॉर्डिंग लावलं. शेजारी सुलेखा भेंडी चिरत बसली होती.

"कोण गं ही?" सुलेखानं विचारलं.

"अराक्सी आज्जी."

"चल. ही अराक्सी नाही."

"आई, फाइलवर नंबर आहे. शून्य शून्य एक."

"नंबर असेल. अराक्सी नाही."

देवश्रीनं फाइल थांबवली. "तुला आर्मेनियन कळतं?"

"आर्मेनियन नाही कळत. अराक्सी कळते. ती अशी शब्द मोजून टाकत नाही. तिचं बोलणं घशातून येतं, मधेच वर जातं, शेवट खाऊन टाकते. आणि ही बघ, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलीय." भेंडीचं देठ बाजूला टाकत ती म्हणाली, "मी तुझ्या बाबांच्या शाळेत हळदीकुंकवाला गेले की अशीच बोलायचे."

मी पेपर वाचत होतो. पेपर जर्मन होता, एकही शब्द कळत नव्हता, तरी मान वर केली नाही.

देवश्री हसली. मग हसायची थांबली. लॅपटॉप तसाच उघडा टाकून चप्पल न घालता खाली गेली. आम्ही मागोमाग. अराक्सीनं दार उघडलं, तिघांना एकदम बघून आधी खुर्च्या मोजल्या.

देवश्रीनं जर्मनमध्ये सावकाश विचारलं आणि उत्तरं आम्हाला मराठीत सांगत गेली. अराक्सीनं नीट ऐकून घेतलं आणि मोठ्या समाधानानं मान डोलावली. "हो, हो. कागद! कागदावर लिहिलेलं, स्वच्छ बोला. मी स्वच्छ बोलले." मग दोन बोटं जोडून ओठांवरून फिरवली, जशी आपण काच पुसतो. शाळेत शिकलेली पुस्तकातली आर्मेनियन तिनं वापरली होती. गावची भाषा मशीनला कशी देणार? ती तर घरातली. "मशीनसमोर घरातले कपडे घालून कोणी जातं का?"

वर येऊन देवश्रीनं दोब्रिवोयेला फोन लावला. हा निवृत्त बसचालक, सर्बियाच्या आग्नेय टोकाला पिरोत गावाजवळच्या डोंगरातला. त्या बाजूच्या बोलीला बेलग्रेडचे लोक हसतात, हे त्यानंच तिला पहिल्या भेटीत सांगितलं होतं आणि तिनं ते एका वहीत लिहूनही ठेवलं होतं. फोन स्पीकरवर होता; तो जर्मनमध्ये तिला फ्राउ निमकर, म्हणजे निमकरबाई, म्हणत होता आणि बाकीचं देवश्रीनं आम्हाला मग सांगितलं.

"फ्राउ निमकर! मी टाय लावून आलो होतो, आठवतं? चाळीस मिनिटं टीव्हीवरच्या बातम्यांसारखा बोललो. घरी येऊन घसा बसला. बायको म्हणाली, कोणत्या मंत्र्याचा अंत्यविधी होता?" तो मनमोकळा हसला. "का? काही चुकलं का? गावठी काही निसटलं असेल तर कापून टाका."

देवश्रीनं फोन ठेवला. शहाऐंशी माणसांनी कपडे बदलून तिला भेट दिली होती आणि सगळ्यांचे कपडे सारखेच आहेत असा शोध तिनं लावला होता.

"पत्रकात ते वाक्य कोणी घातलं?" सुलेखानं विचारलं. तिला माहीत होतं. फोनवर बोलणं झालं तेव्हा ती शेजारीच गवार निवडत होती.

"अगं, माईकसमोर शुद्धच बोलायचं असतं," मी म्हणालो. "त्यात विचारण्यासारखं काय आहे? पोरीनं विचारलं, मी सांगितलं."

"मलाही ते विचित्र वाटलं नाही, बाबा," देवश्री म्हणाली. "तेच तर आहे. मी बोलींवर काम करतेय आणि मला ते विचित्र वाटलं नाही."

दुसऱ्या दिवशी नाश्त्यावर आमची बैठक झाली. माझं मत स्पष्ट होतं. प्रबंध देऊन टाकावा. जगात कोणी पिरोतच्या बोलीसाठी अडून बसलेलं नाही. डॉक्टरेट मिळाली, नोकरी पक्की झाली की मग सावकाश दुसरं संशोधन करावं आणि त्यात पहिलं चुकलं होतं असं म्हणावं. शास्त्र असंच पुढे जातं.

"म्हणजे खोटं द्यायचं," सुलेखा म्हणाली.

"खोटं कुठं आहे? ते लोक तसं बोलले, हे खरंच आहे ना?"

"तुम्ही बोलायला लावलंत म्हणून बोलले."

"अगं, पण तीस सप्टेंबर—"

"अवो, मले नका सांगू तुमी तीस सप्टेंबर!" ती उभी राहिली. "मले समजते सगळं. जे पोट्टीनं केलं ते तुमचंच शिकवलेलं हाय. आता तिले तरी खरं बोलू द्या."

मी सवयीनं थांबलो आणि तिच्याकडे बघत राहिलो. ती 'मला' म्हणाली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

देवश्रीनं खरं सांगायचं ठरवलं. प्राध्यापकांची वेळ, म्हणजे टेर्मीन, नऊ दिवसांनंतरची मिळाली. तेवढ्यात तिनं एक घाईही केली. खाली जाऊन अराक्सीला सांगितलं की पुन्हा रेकॉर्डिंग करू, या वेळी तुमच्या घरी, तुमच्या गावच्या भाषेत, अकरा जुलैच्या शनिवारी मी मशीन घेऊन येते. अराक्सीनं तीनदा विचारून खात्री करून घेतली. गावच्या भाषेत? मशीनवर? मग तिनं मान्हाइम आणि झारब्रुकनला फोन लावले. तिच्या केसाबच्या गल्लीतल्या दोन बायका त्या दोन शहरांत राहत होत्या. तिघी मिळून सतरा वर्षांत एका खोलीत आलेल्या नव्हत्या.

प्राध्यापकांकडून देवश्री आली ती थेट बूट घालूनच पलंगावर बसली.

"रागावले का?" मी विचारलं.

"छे. खूप गोड बोलले. कॉफी दिली." ती भिंतीकडे बघत सांगू लागली. "मी सगळं सांगितलं. पत्रक दाखवलं. ते म्हणाले, आल्झो, म्हणजे तर मग, फ्राउ निमकर, हे निरीक्षण कोणाचं? मी म्हटलं, माझ्या आईचं. ते म्हणाले, तुमची आई आर्मेनियन बोलते का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी फार आदरानं सांगितलं की आईंचा संदर्भ प्रबंधात देता येणार नाही."

"मग दोब्रिवोये? तो तर स्वतःच सांगतोय."

"तो नमुना आहे, बाबा. नमुन्याचं मत धरत नाहीत."

"पुन्हा रेकॉर्डिंगचं?"

"ते म्हणाले, कुणाचं करणार? आपण तर सिद्ध केलंय की बोली उरलेल्या नाहीत. नसलेली गोष्ट रेकॉर्ड करायला विद्यापीठाची समिती मशीन कशी देईल? फारच वाटलं तर ऑक्टोबरात अर्ज करा." त्यासाठी प्रबंध रोखला तर ऑक्टोबरात ती तिथं नसणार होती. "शेवटी म्हणाले, तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. प्रत्येक संशोधनाला मर्यादा असतात. 'मर्यादा' या प्रकरणात एक वाक्य घाला. पान एकशे त्रेचाळीस. गेनाऊ, म्हणजे बरोब्बर, एक."

"मग नाही म्हणायचं," सुलेखा दारातून म्हणाली.

"आई, कंत्राट संपतंय."

सुलेखा पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

ते एक वाक्य आम्ही बापलेकींनी मिळून तयार केलं. तिनं आधी लिहिलं होतं की सूचनापत्रकामुळे वक्त्यांनी आपली बोली टाळली, त्यामुळे निष्कर्ष ग्राह्य नाहीत. एवढं उघडं चालणार नव्हतं. मी तीन-चार वेळा हात फिरवला. शेवटी झालं ते असं: 'ध्वनिमुद्रणाची औपचारिक परिस्थिती आणि वक्त्यांना दिलेल्या सूचना यांचा भाषिक निवडीवर झालेला संभाव्य परिणाम लक्षात घेता निष्कर्ष सावधपणे वाचावेत.' इंग्रजीत ते याहून गुळगुळीत झालं. शोधणाऱ्याला सत्य सापडावं आणि न शोधणाऱ्याला त्रास होऊ नये, अशी सोय त्यात होती. मला माझ्या कामाचं समाधान वाटलं, हे कबूल करायला हवं.

राहिला अकरा जुलै.

देवश्री म्हणाली, मी खाली जाऊ शकत नाही. सुलेखा म्हणाली, ज्यानं पत्रक लिहिलं त्यानं जावं. मग मी फोनवरून एक जर्मन वाक्य काढलं, 'आज रेकॉर्डिंग होणार नाही' अशा अर्थाचं, आणि आरशासमोर सात-आठ वेळा म्हटलं. उच्चार चांगला बसला. दुपारी साडेबाराला चिवड्याची पिशवी घेऊन मी खाली गेलो.

दाराबाहेरच आवाज आला. तिघी एकदम बोलत होत्या. एकीचं वाक्य दुसरी तोडत होती, तिसरी ते हसत हसत पुरं करत होती. मधे कोणीतरी टेबलावर हात आपटला. त्या बोलण्याला धार होती आणि वळणं होती आणि ते ऐकताना मला दर्यापूरचं माझ्या सासऱ्यांचं स्वयंपाकघर आठवलं, जिथं मी शिरलो की बायका गप्प व्हायच्या.

मी बेल वाजवली. तिघी गप्प झाल्या.

अराक्सीनं गळ्यात मोत्यांची माळ घातली होती. टेबलावर पाच-सहा पदार्थ मांडलेले, आणि मधोमध एका विणलेल्या रुमालावर जागा मोकळी सोडलेली. मशीनसाठी. मान्हाइमची बाई काठी टेकून आली होती. झारब्रुकनच्या बाईनं कागदावर काहीतरी लिहून आणलं होतं. आर्मेनियन अक्षरांची लांब यादी. अराक्सीनं खुणेनं सांगितलं, हे शब्द. फक्त गावात होते ते.

माझं जर्मन वाक्य तयार होतं. ती यादी बघून मी ते तसंच मागे ठेवलं. माझा फोन खिशात होता आणि त्यात आवाज टिपायची सोय होती. मला वाटलं, समितीनं मशीन नाही दिलं म्हणून काय झालं? मी फोन काढला, लाल ठिपका दाबला आणि त्या रुमालावर ठेवला.

तिघींनी पदर सावरावा तशी आपापली बाही सारखी केली. पाठी सरळ झाल्या. अराक्सी थोडी खाकरली आणि बोलू लागली. एकेक शब्द वेगळा, मोजून, दोन वाक्यांमध्ये योग्य तेवढा विराम. तिचं झालं तेव्हा तिनं मान किंचित झुकवली आणि मान्हाइमच्या बाईकडे बघितलं. मग ती. मग तिसरी. कोणी कोणाचं वाक्य तोडलं नाही. यादी वाचली तीसुद्धा, गावच्या शब्दांची, पण कविता पाठ म्हणावी तशी.

मला आर्मेनियन येत नाही. पण हा सूर मी सव्वीस वर्षं पहिल्या रांगेत बसून ऐकला आहे. नको, असं नको, मघाशी बोलत होतात तसं बोला, हे सांगायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. हात हलवून पाहिले. अराक्सीला वाटलं, आणखी सावकाश बोला म्हणतोय. ती आणखी सावकाश बोलली.

एक्केचाळीस मिनिटांनी तिनं विचारलं, "गूट?" म्हणजे, चांगलं झालं का?

"झेर गूट, फारच छान," मी म्हणालो.

जेवायला बसवलं. फोन खिशात गेल्यावर पाचच मिनिटांत त्या पुन्हा एकमेकींवर ओरडायला लागल्या. मी तो पुन्हा बाहेर काढला नाही. काढून काय झालं असतं ते मला कळलं होतं.

रात्रीपर्यंत थांबवेना म्हणून दुपारीच देवश्रीला सगळं सांगितलं. ती उठून बसली. "बाबा, हाच तर पुरावा आहे! दारातून तुम्ही काय ऐकलं आणि फोन ठेवल्यावर काय झालं, ते लिहून पाठवते मी सरांना. सोबत फाइल. कागद नाही, सूचना नाही, नुसता फोन ठेवला तरी बोली पळून जाते. आता तरी त्यांना पटेल."

तिनं दोन पानी पत्र लिहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्या दिवशी पोटभर खाल्लं. सुलेखानंही मला वाढताना ताटाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

उत्तर मंगळवारी आलं. सुट्टीवर निघण्यापूर्वी विमानतळावरून पाठवलेलं, त्यामुळे थोडक्यात होतं. देवश्रीनं ते मोठ्यानं वाचलं.

'प्रिय फ्राउ निमकर, अप्रतिम! फाइल मी संगणकाला दिली. तीनही वक्त्यांचं गाव ओळखता येत नाही, प्रमाणभाषा, खात्री सत्त्याण्णव टक्के. घरात, ओळखीच्या माणसांत, कोणत्याही सूचनेशिवाय! तुमच्या शंकेचं निरसन तुम्ही स्वतःच केलंत. वक्त्यांची संख्या आता अठ्ठ्याऐंशी करा. मर्यादांमधलं ते वाक्य अर्थातच काढून टाका. नवीन मजकूर सोबत जोडला आहे. वीस ऑगस्टपर्यंत मी संपर्कात नाही.'

सोबत जोडलेलं वाक्य असं होतं: 'घरगुती वातावरणात, सूचनांविना केलेल्या पडताळणीतही हेच निष्कर्ष आढळले.'

"पत्र पुरतं वाचलं नाही त्यांनी," देवश्री म्हणाली. "फाइल तेवढी वाचली."

"नको घालू ते," सुलेखा म्हणाली. "तुझंच ठेव."

"त्यांच्या सहीशिवाय छापायला जात नाही, आई, आणि सही त्यांनी नव्या वाक्यावरच दिलीय. आणि ते वीस ऑगस्टला येणार."

एकतीस जुलै कोणासाठी थांबणार नव्हता. दहा दिवसांनी देवश्रीनं माझं वाक्य पुसलं आणि त्यांचं घातलं. मला एकदा दाखवलं. त्यात मला दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. माझ्यापेक्षा लहान वाक्य होतं आणि कुठंही अडखळत नव्हतं.

मधल्या दिवसांत अराक्सी जिन्यात भेटली की देवश्रीला विचारायची, आमची भाषा मशीनला आवडली का? देवश्री हो म्हणायची. मग देवश्री जिन्याऐवजी लिफ्टनं जाऊ लागली. वास्तविक चढायचे दोनच मजले होते.

प्रबंधाच्या चार प्रती छापून, बांधून घरी आल्या. निळं कापडी वेष्टन, वर सोनेरी अक्षरं. देवश्रीनं एक प्रत आईच्या हातात दिली आणि पहिलंच पान उघडून दिलं. सगळा प्रबंध इंग्रजीत, पण अर्पणपत्रिकेची एक ओळ तिनं मराठीत, देवनागरीत छापून घेतली होती. 'आईबाबांना, ज्यांनी मला भाषा दिली.'

सुलेखानं चष्मा लावून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"कोनती?" तिनं विचारलं.

"आई, छापून झालंय आता," देवश्री म्हणाली आणि उरलेल्या तीन प्रती पिशवीत भरून विद्यापीठात द्यायला निघाली.